चाऊशमामांची दावत

चाऊशमामा भाकरी मोडायच्या आधी तिचा वास घेत. दोन्ही तळव्यांवर भाकरी आडवी धरायची, डोळे मिटायचे, नाकाशी न्यायची आणि मग ‘बिस्मिल्ला’ म्हणून पहिला तुकडा मोडायचा. कोणी नवखा पाहुणा बघत असला की त्याला वाटे, हा बाबा भाकरी शिळी आहे की काय ते तपासतोय. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या पाहुण्याला हसत सांगत, “तपासायला न्हाई ओ ते. त्येंच्या गावाला जाऊन यायलेत.”

आणि ते खरंच होतं. मामांचं गाव अरबस्तानात, हद्रमौत नावाच्या मुलखात. आमचं पेडगाव कुठं आणि ते कुठं! मध्ये अख्खा समुद्र. पण ज्वारीच्या भाकरीचा वास घेतला की मामा क्षणभर तिकडं असत. मग डोळे उघडून आमच्याकडं बघत आणि खुशाल ठेच्याला हात घालत.

मी लग्न होऊन पेडगावला आले तेव्हा निजामाचं राज्य होतं; आमच्याकडं त्याला मोगलाई म्हणत. माझं माहेर इगतपुरीकडचं, इंग्रजी मुलखातलं, भाताच्या चिखलातलं. काका पूर्ण्याला रेल्वेत होते, त्यांनी हे स्थळ काढलं. “मोगलाईत दिली गं पोरीला,” म्हणून आई अशी रडली, की मला जणू काळ्या पाण्यावर धाडताहेत. मनमाड मागं पडलं, मग हळूहळू डोंगर गेले, झाडी गेली, नुसती काळीभोर रानं राहिली. मी खिडकीकडं पाठ करून बसले. भाषा मराठीच, पण तीही परकी. “काय करायलीस?” असं कोणी विचारलं की मला आधी वाटे, काहीतरी चुकलंच माझं.

आणि चुकलंच. नव्या नवरीची पहिली भाकरी म्हणून सगळ्यांनी मला चुलीपुढं बसवलं. माहेरी आमच्याकडं तांदळाच्या पिठाची उकड काढून भाकरी करतात. मी शहाणीनं जात्यावरून नुकत्याच आलेल्या ज्वारीच्या पिठावरही तस्संच आधण ओतलं. पिठाचा झाला डिंक! परातीला चिकटतंय, हाताला चिकटतंय, थापायला जावं तर बांगड्यांपर्यंत येतंय. कशाबशा भाकऱ्या उतरवल्या. घरातल्यांनी सुनेची पहिली म्हणून मुकाट गिळल्या. चाऊशमामांची न्याहारी मात्र मळ्यात गेली होती. थोड्या वेळानं ती भाकरी हातात घेऊन सहा फुटांचा, दाढीवाला, कमरेला वाकडा जंबिया खोचलेला अरब आमच्या अंगणात येऊन उभा राहिला.

“बाई, ये किसने बनाया?”

“नव्या सुनंनं,” आत्याबाई पदराआड हसत म्हणाल्या.

मामा माझ्याकडं वळले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, “बेटी, मेरे दाँत थोडेच बचे हैं. उनपे रहम कर.”

सगळं घर खो-खो हसलं. मी माजघरात जाऊन हमसाहमशी रडले. ही आमची पहिली भेट.

पुढच्या बाजारच्या दिवशी मामा परभणीहून आले ते रुमालात काहीतरी बांधून. ओट्याच्या कडेला ते गाठोडं ठेवलं आणि आत्याबाईंना म्हणाले, “बहूकू दो.” उघडून बघते तर तांदूळ! मोगलाईत आल्यापासून मी तांदळाचा दाणा पाहिला नव्हता. माझे डोळे भरून आले तसे मामा म्हणाले, “मुलुक की याद पहले पेटकू आती, बेटी. दिलकू बाद में. पेटकू थोडा बहलाने का, दिल आप से आप बैठ जाता.” मग बोट उगारून दटावलं, “रोज नै हां! जुमे के जुमे.” तेव्हापासून दर शुक्रवारी आमच्या चुलीवर माझ्यापुरती मूठभर भाताची पातेली चढू लागली.

ही अक्कल मामांना अनुभवातून आलेली होती. ते मिसरूड फुटायच्या वयात गलबतातून मुंबईला उतरले आणि हैदराबादेत निजामाच्या अरबांच्या फौजेत लागले. तिथं भात खाऊन खाऊन जीव विटला. बायको केली, ती पटकीनं गेली. मग एका जागीरदाराच्या कामावर त्यांना या बाजूला धाडलं. “रेल की खिडकी से देख्या मैं,” ते सांगत, “और दोनो तरफ धुरा! हमारा धुरा! मैं समझ्या, अल्ला, ये रेल मेरेकू मेरे गाँव ले आई!” ज्वारीला त्यांच्या मुलखात धुरा म्हणतात. जागीरदाराची नोकरी सुटल्यावर ते हैदराबादला परत गेलेच नाहीत. माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, त्यांना आमच्या खळ्याचा राखणदार म्हणून ठेवून घेतलं. आमच्या भागात चाऊश, म्हणजे निजामाचे अरब शिपाई, म्हटलं की लोकांना धडकी भरे. आमच्या चाऊशांचा जंबिया मी कांदा चिरण्याखेरीज कशाला वापरलेला पाहिला नाही.

आता आत्याबाई आणि मामा यांचं नातं सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथंच आहे. आत्याबाईंना पाठीला भाऊ नव्हता. मामांना कोणीच नव्हतं. एका भाऊबीजेला आत्याबाई पाटावर नारळ ठेवून ओवाळायला बसल्या होत्या तेव्हा मामा दाराशी आले, आणि बाईंनी ताट उचलून उंबऱ्यातून त्यांनाच ओवाळलं. झाले भाऊ! तेव्हापासून ते ‘चाऊशदादा’, माझ्या नवऱ्याचे आणि अर्थात माझेही ‘चाऊशमामा’. पण ओवाळणं वेगळं आणि जेवणं वेगळं. मामांची थाळी गोठ्यातल्या कोनाड्यात असे, भाकरी वरून वाढली जाई, पाणी वरून ओतलं जाई. त्यांच्या हातचं तर आमच्याकडं कोणी घेत नसे. कोरडं चाले. तांदूळ आणले, घेतले. गूळ आणला, घेतला. पण पाणी लागलं की संपलं. त्यांच्या रांजणातल्या पाण्याचा थेंब ज्यात पडला ते अन्न आम्हाला वर्ज्य. तेव्हा ही रीत कोणाला खटकत नसे. मलाही नाही, उगीच खोटं कशाला बोलू?

मामांना मात्र खटके, आणि ते वेगळ्याच कारणानं. दर शुक्रवारी ते मळ्यातल्या आपल्या खोपीत स्वतः रांधत. गावानं ज्यांना शिवेपलीकडं ठेवलं होतं त्यांची पोरंबाळं तिथं खुशाल जेवत. ईदेला मामा नवा फेटा बांधून आमच्या अंगणात येत आणि वर्षानुवर्षांचा तोच प्रश्न विचारत, “बाई, आज मेरे घर दावत?”

आत्याबाईंचंही उत्तर ठरलेलं. “दादा, तुमचं तुमच्यापाशी, आमचं आमच्यापाशी. नातं हाय तेवढं बास झालं.”

“हौ,” मामा मान डोलवत. “अगले साल.”

एकदा मी धीर करून विचारलं, “मामा, त्या नाही म्हणणार हे माहीत असून तुम्ही का विचारता हो?” ते खळ्यावर बसून दोर वळत होते. म्हणाले, “हमारे मुलुक में जो खाता और खिलाता नै, उसकू मेहमान नै बोलते बेटी. मंगता बोलते. इतने साल से तुमारी रोटी खाया मैं. एक बार, बस एक बार तुम मेरे घर खाव, तो मैं मंगता नै, भाई.” एवढं बोलून पुन्हा दोर वळायला लागले. तो धिप्पाड माणूस आतून किती लहान होऊन आमची भाकरी खात होता, हे मला त्या दिवशी कळलं. मी आत्याबाईंना सांगितलं. त्या नुसतं “हं” म्हणाल्या आणि शेंगा फोडत बसल्या.

वर्षातून एकदाच मात्र आम्ही त्यांच्या हातचं खात असू. हुरड्याला! पौषाच्या थंडीत मळ्यात आगटी पेटे. मामा गोवऱ्यांच्या विस्तवात कोवळी कणसं खुपसत, भाजली की बाहेर ओढत आणि तशीच चटके बसणारी कणसं तळव्यांवर चोळून हिरवागार हुरडा आमच्या ओंजळीत ओतत. आत्याबाई पुढं सरसावून ओंजळ धरत. का? तर त्यात पाण्याचा थेंब नाही. “आन अग्नीला कसला आलाय इटाळ?” आत्याबाईंचं धर्मशास्त्र आत्याबाईंनीच लिहिलेलं, त्यात सोयीच्या जागा बऱ्याच होत्या. मी एकदा म्हटलं, “मामा, झाली की तुमची दावत!” त्यांनी काळेठिक्कर झालेले तळवे माझ्यापुढं धरले. “खेत तुमारा, कणीस तुमारा, गोवरी तुमारी. मेरी क्या, खाली हथेली. इसकू दावत नै बोलते.”

मग ते वाईट दिवस आले. रझाकारांचा जोर होता तेव्हा परभणीकडून काही माणसं घोड्यांवरून मळ्यात आली. तू अरब, तुझी जागा आमच्यात, म्हणाली. मामा म्हणाले, “मैं खळे का रखवाला. खळा छोड के किधर जाऊँ?” त्या माणसांनी आईबहिणीवरून शिव्या दिल्या आणि ती निघून गेली. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि वारं फिरलं. आता शेजारच्या गावची टोळी काठ्या-कुऱ्हाडी घेऊन आमच्या दारात आली. “तुमचा अरब कुठाय?” मामंजी तसे अबोल माणूस. दारातच उभे राहून म्हणाले, “तुमचा म्हणताय न्हवं? आमचाच हाय. मग आमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या.” टोळी परत गेली. तेवढ्यापुरता आम्ही सगळ्यांनी सुस्कारा टाकला.

पण सरकारचा हुकूम काही काठ्या घेऊन येत नाही. बाहेरच्या मुलखातल्या अरबांना त्यांच्या देशी परत पाठवायचं ठरलं. मामंजी आणि आमचे हे परभणीला जाऊन साहेबांपुढं हात जोडून आले. काही उपयोग झाला नाही. मामांना कळलं तेव्हा ते म्हणाले, “उधर कौन है मेरा? माँ की कबर किधर, वो बी मालूम नै.” त्यानंतर दोन वेळा त्यांची भाकरी तशीच परत आली.

ज्वारी पोटरीला आली होती. हुरड्याला अजून अवकाश होता. एके दिवशी सकाळीच एक जमादार आणि दोन शिपाई मळ्यात आले. दुपारच्या गाडीनं न्यायचं म्हणाले. मी आणि आत्याबाईंनी घाईघाईनं वाटेची शिदोरी बांधली. भाकऱ्या, तिळाची चटणी, गुळाचा खडा. खोपीपाशी पोचलो तेव्हा मामा आपलं कांबळं गुंडाळत होते. शिदोरी हातात घेतली, छातीशी धरली आणि हसल्यासारखं करून म्हणाले, “उमरभर खाया बाई. अब रस्ते का बी तुमाराच.”

टोमणा नव्हता तो. मामांना टोमणा मारता येत नसे. पण आत्याबाईंच्या चेहऱ्यावर कोणी चटका द्यावा तसं झालं. ईद होऊन गेली होती. त्या धामधुमीत यंदा मामांनी दावतीचं विचारलंच नव्हतं. आणि आता ‘अगले साल’ म्हणायला साल उरलं नव्हतं.

“दादा,” आत्याबाई म्हणाल्या, “चूल पेटवा.”

“क्या?”

“चूल पेटवा म्हणते. आज आमी तुमच्याकडं जेवायलोत.”

मामांनी शिदोरी कांबळ्यावर ठेवली. मग त्यांनी जमादाराकडं पाहिलं. जमादार घड्याळ काढून म्हणाला, “बाई, वेळ नाही. गाडी चुकेल.” आत्याबाई त्याच्याकडं वळल्या. “दादा, तुमालाबी बहीण आसल. ती जेवाय बसली तर उठवता का तिला?” जमादार शिपायांना घेऊन लिंबाखाली जाऊन बसला आणि विडी पेटवली.

मग काय धांदल उडाली त्या म्हाताऱ्याची! त्यांच्या चाकरीच्या वाट्याची ज्वारी, तिचं शुक्रवारसाठी दळून ठेवलेलं पीठ खोपीत होतंच. तुपाचं मडकं काढलं. चुलीत काटक्या सारल्या, फुंकून फुंकून डोळे लाल केले. मध्येच आठवलं तसे माझ्याकडं धावत आले. “बेटी, दौड. तुमारे घर से पातेला ला, और घागर तुमारे कुवें की. मेरा पानी नै चलता ना बाईकू.” बघा, त्या गडबडीतही त्यांनी आमचा धर्म सांभाळला होता. मी घागरीसाठी वळले.

“कुठं निघालीस?” आत्याबाईंचा आवाज आला.

“पाणी आणायला.”

“गप बस खाली. दावत दादाची, आन पाणी आपलं? ह्याला काय जेवण म्हणत्यात का?” त्यांनी खोपीच्या कोपऱ्यातल्या रांजणाकडं बोट केलं. “त्येच्यातलं घ्या, दादा. भांडंबी तुमचंच.”

एव्हाना बांधावर माणसं जमली होती. भावकीतले एक वडीलधारे पुढं येऊन म्हणाले, “वैनी, इचार करा. उद्या भावकी बसंल ह्याच्यावर.”

“बसू द्या की,” आत्याबाई म्हणाल्या. “बसाय घोंगडं मी टाकते.”

मामा रांजणाच्या काठावर हात ठेवून उभे होते. तांब्या बुडवायचं त्यांना सुचत नव्हतं. दाढीवरून घळाघळा पाणी वाहत होतं. मीही रडत होते, आणि मला कोणाची लाज वाटत नव्हती. शेवटी आत्याबाईच करवादल्या, “रडून पीठ शिजतंय व्हय? गाडी जाईल की!” तेव्हा कुठं तांब्या बुडाला.

आधण आलं, पीठ पडलं, आणि मामा लाकडी दांडक्यानं घोटायला लागले. घामानं न्हाले. थोड्या वेळानं परातीत एक गुळगुळीत, वाफाळता गोळा आला. त्याच्या मधोमध त्यांनी मुठीनं खळगा केला, तुपानं भरला, त्यात गूळ चुरला. “असीदा,” ते आत्याबाईंपुढं परात ठेवत अभिमानानं म्हणाले.

आत्याबाईंनी एक घास तोंडात टाकला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत. त्यांनी घास गिळला आणि म्हणाल्या, “आवं, ह्यो तर आपला ज्वारीचा घाटा!”

“असीदा है, बाई.”

“आसल. पर घाटाच हाय. माझी माय करायची. फकस्त तुमी तूप लय घालायलात.”

“घाटे में घी नै डालते क्या?”

“आमच्याकडं येवढं कुठलं आणावं?”

आणि त्या दोघांचा तिथं वाद सुरू झाला! जमादार घड्याळ बघतोय, गाव बांधावर उभं, आणि हे भाऊबहीण घाट्यात ताक घालायचं की तूप यावर भांडताहेत. मी बसले, एकाच परातीतून खाल्लं. मामंजी इतका वेळ बाजूला उभे होते. त्यांनी वहाणा काढल्या, पागोटं मांडीवर घेतलं आणि आमच्या शेजारी टेकले. “सरका जरा,” एवढंच म्हणाले. मग हेही बसले. मामा काही बसेनात. यजमानानं उभं राहून वाढायचं, पाहुणे उठल्यावर जेवायचं, अशी त्यांची रीत. “वाढा की दादा,” आत्याबाई परात पुढं करत म्हणाल्या, “हात आखडून वाढायलात जणू!” मामांच्या तोंडावर मी एवढा आनंद कधी पाहिला नव्हता. त्यांनी उरलेलं सगळं तूप त्या खळग्यात पालथं केलं.

जेवणं झाल्यावर मामांनी एकेकाच्या हातावर पाणी घातलं. मग भांड्याच्या तळाशी उरलं होतं ते दोन बोटांनी निपटून तोंडात टाकलं, कारण जमादार उठला होता. कांबळं काखोटीला मारलं, शिदोरी खांद्याला अडकवली. आत्याबाईंपुढं उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, अब मैं भाई.”

“आधीबी व्हताच की,” आत्याबाई म्हणाल्या. आणि मामांच्या खांद्यावरच्या शिदोरीची गाठ त्यांनी पुन्हा आवळली.

शिपायांच्या मध्ये ताठ चालत मामा बांधाच्या वळणापर्यंत गेले. तिथं थबकले, वळले आणि एवढ्या लांबून ओरडले, “बाई! मीठा कम पड्या क्या?”

“न्हाई ओ दादा!” आत्याबाई ओरडल्या. “लय ग्वाड झालं!”

त्यांनी हात वर केला आणि ज्वारीआड दिसेनासे झाले. बोटीनं अरबस्तानात, एडन बंदराला पोचले की नाही, तिथं कोणी घरात घेतलं की नाही, आम्हाला कधीच कळलं नाही.

यजमान गेले आणि आम्ही पाहुणे त्यांच्याच घरात उरलो. माणसं पांगली. आत्याबाई खोपीत शिरल्या. चुलीत निखारे होते. मला वाटलं, आता पाणी मारून विझवतील. त्यांनी तसं केलं नाही. घरचा माणूस सांजेला परत यायचा असला की झाकतात तसे ते निखारे राखेखाली नीट झाकले, आणि मग चुलीपाशीच पदरात तोंड घालून बसल्या.